यावलचें एक अमेरिकन घड्याळ

भुसावळ स्टेशनावर गाडी बदलणारे हजारों प्रवासी असतात. पण तापीच्या पलीकडे काय आहे याची चौकशी करणारा त्यांत एखादाच. पूल ओलांडला कीं काळीभोर जमीन लागते, दुतर्फा केळीच्या बागा सुरू होतात, आणि उत्तरेस सातपुड्याची निळसर रेषा गाडीबरोबर चालूं लागते. एस्. टी.नें पाऊण तासाच्या आंत यावल येतें. गांव जुनें आहे. सूर नदीच्या कांठीं पडका किल्ला आहे. १७८८ सालीं शिंद्यांनीं हा परगणा निंबाळकरांस दिला, त्यांच्या नांवानेंच तो ओळखला जातो. एके काळीं येथील हातकागदाची व निळीची ख्याति होती. हे दोन्ही धंदे केव्हांच बुडाले. राहिलें आहे तें व्यासांचें देऊळ. भगवान् व्यासांचीं देवळें भरतखंडांत विरळाच. म्हणून गुरुपौर्णिमेस येथें दूरदूरचीं माणसें लोटतात. मी गेलों तेव्हां पौर्णिमा नव्हती, गर्दीहि नव्हती. देवळांत बसून घटकाभर विष्णुसहस्रनाम म्हटलें, आणि मग ज्या कामासाठीं आलों होतों त्या वाड्याकडे वळलों.

काम होतें एका घड्याळाचें. माझे एक स्नेही यावलचे. चौघे भाऊ, वडिलांच्या मागें कांहीं वर्षें एकत्र राहून आतां सामोपचारानें वेगळे निघत होते. शेत, वाडा, भांडींकुंडीं, सर्वांची वांटणी ठरली. अडलें तें पणजोबांच्या खिशांतील घड्याळापाशीं. पणजोबा जी. आय. पी. रेल्वेच्या भुसावळच्या कचेरींत कारकून होते. १८९७ च्या प्लेगांत त्यांनीं जिवावर उदार होऊन काम केलें, म्हणून साहेबानें शुद्ध सोन्याचें रेल्वेचें घड्याळ बक्षीस दिलें, ही कथा त्या घरांत चार पिढ्या सांगितली गेली. एका भावाचें म्हणणें, आटवून सोनें चौघांत वांटावें. पुण्याच्या भावाचें म्हणणें, अमेरिकन घड्याळ आहे, दुर्मिळ असणार, संग्राहकास विकून पैसे वांटावे. तिसऱ्याला दोन्ही मान्य, चौथ्याला एकहि नाहीं. दोन महिने भाऊ एकमेकांशीं नीट बोलत नव्हते. जुन्या घड्याळांचा मला नाद आहे हें ठाऊक असल्यामुळें मला बोलावणें आलें. (मास्तराच्या पगारांत संग्रह कसला होणार! माझा नाद बहुतेक दुसऱ्यांचीं घड्याळें पाहण्याचाच.)

पणजोबांच्या काळीं वेळ हीच मुळांत भानगडीची गोष्ट होती, हें आजच्या मुलांस खरें वाटणार नाहीं. १९०६ च्या १ जानेवारीस सबंध देशाची एक वेळ ठरली. तत्पूर्वीं रेल्वे मद्रासच्या वेळेनें चाले. मुंबईची वेळ तिच्यामागें सुमारें अर्धा तास. आणि भुसावळचा सूर्य पाहिला तर तो मद्रासच्या मागें सुमारें अठरा मिनिटें. मुंबईनें तर आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. घरांत पंचांग, म्हणजे घटका नि पळें. चोवीस मिनिटांची एक घटका, चोवीस सेकंदांचें एक पळ. लग्नांत पाण्यावर घटिकापात्र तरंगे तें निराळेंच. म्हणजे तो गृहस्थ कचेरींत मद्रासच्या वेळेनें आणि सोंवळ्यांत सूर्याच्या वेळेनें जगत असला पाहिजे. खानदेशास हें वेड नवें नाहीं. चाळीसगांवजवळ पाटण येथें भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला. त्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आजहि आहे.

आतां अमेरिकेकडे वळूं. इंग्लंडांत व स्वित्झर्लंडांत घड्याळाचे भाग कारागीर घरोघर कानशीनें घांसून बसवीत. एका घड्याळाचें चाक दुसऱ्यांत बसेलच असें नसे. १८५० सालीं आरन डेनिसन, एडवर्ड हॉवर्ड व डेव्हिड डेव्हिस या तिघांनीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत कारखाना काढून यंत्रांनींच हुबेहूब सारखे भाग पाडण्याचा घाट घातला. त्यांचीं पहिलीं सतरा घड्याळें बाजारांत गेलींच नाहींत, मंडळींनीं आपसांतच घेतलीं. दुर्मिळ म्हणावें तें त्यांना. १८५४ सालीं कारखाना वॉल्थम गांवीं गेला, १८५७ सालीं दिवाळें निघालें, मालक बदलले. परंतु वॉल्थम हें नांव जगभर झालें. १८६४ सालीं एल्जिन, १८९२ सालीं हॅमिल्टन अशा मोठ्या कंपन्या निघाल्या, आणि १८९६ सालीं इंगरसॉलनें एका डॉलरला घड्याळ विकून मजुराच्या खिशांतहि वेळ नेऊन ठेवला.

रेल्वेच्या घड्याळाचा लौकिक मात्र एका अपघातानें वाढला. ओहायो प्रांतांतील किप्टन येथें १८ एप्रिल १८९१ रोजीं दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. एका ड्रायव्हरचें घड्याळ चार मिनिटें बंद पडून पुन्हां चालूं लागलें होतें, असें चौकशींत निघालें. वेब बॉल या जवाहिऱ्याकडे रेल्वेच्या घड्याळांची देखरेख सोंपविण्यांत आली, आणि पुढें जे नियम रूढ झाले ते कडक होते: तोंडावर झांकण नको, आंकडे ठळक, निदान सतरा माणकें, उभें आडवें उलटें अशा पांच स्थितींत कसोटी, आणि आठवड्यांत तीस सेकंदांपलीकडे चूक नाहीं.

वाड्याच्या माजघरांत चौघे भाऊ, सुना व त्यांची वृद्ध आजी अशा मंडळींसमोर मला घड्याळ देण्यांत आलें. वजनास चांगलें, तबकडी पांढरी चिनी मातीची, एक बारीक तडा. तबकडी जुनी पाहून बरें वाटलें. कारण मुंबईच्या जुन्या बाजारांत हल्लीं मोडक्या यंत्रावर नवी रंगविलेली तबकडी बसवून तें 'पुरातन' म्हणून खपविण्याचा धंदा जोरांत आहे. तबकडीवर 'वॉल्थम' होतें, पण त्यावर विसंबूं नये. अमेरिकन घड्याळांचें नांव झाल्यावर स्विस कारखान्यांनीं तसलींच नांवें कोरून भरमसाट नकला काढल्या होत्या. घड्याळाची जात त्याच्या पोटांत पाहावी.

नखाच्या जोरावर मागचें झांकण उघडलें. त्याच्या आंतल्या बाजूस इंग्रजींत लिहिलें होतें कीं, हें दोन सोन्याच्या पत्र्यांचें असून मध्यें मिश्रधातु आहे, आणि तें वीस वर्षें टिकेल अशी हमी आहे. म्हणजे सोनें नव्हे, सोन्याचा पापुद्रा. खालीं डेनिसनचें नांव. वॉल्थमच्या मूळ तिघांपैकीं जो डेनिसन, त्यानें पुढें इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें डब्यांचा कारखाना काढला, आणि वॉल्थम कंपनी लंडनच्या कचेरीमार्फत साम्राज्यभर जीं घड्याळें खपवी त्यांतल्या पुष्कळांस डबा याच कारखान्याचा असे. म्हणून अमेरिकन यंत्राला इंग्लिश डबा दिसला तर भेसळ समजून भिऊं नये.

डब्यावरहि एक क्रमांक होता, आणि घरच्यांनीं तोच टिपून ठेवला होता. पण यंत्र व डबा निरनिराळे विकले जात. वय सांगतो तो यंत्रावरचा क्रमांक. आंतलें झांकण उघडून भिंगानें तो वाचला. एक कोटि तीस लक्षांच्या पुढचा निघाला. वॉल्थमच्या क्रमांकांची वर्षवार यादी प्रसिद्ध आहे. त्यावरून यंत्र सुमारें १९०४ सालचें. माणकें पंधरा.

मीं निकाल सांगितला. सोनें नाहीं. सतरा माणकें नाहींत, तेव्हां अमेरिकन नियमानें रेल्वेचेंहि नाहीं. ज्याच्या अगोदर कोटीहून अधिक क्रमांक पडले त्याला दुर्मिळ कोण म्हणेल? आणि १८९७ च्या प्लेगांत तें कोणीं दिलें असणें शक्यच नाहीं, कारण तेव्हां तें जन्मासच आलें नव्हतें. माजघरांत कोणी बोलेना. थोरल्याच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. पणजोबांची ती कथा शाळेंत असतांना त्यानें निबंधांत लिहिली होती, असें मागाहून कळलें.

परंतु झांकण मिटण्यापूर्वीं मीं तें उजेडांत तिरपें धरलें. दुरुस्ती करणारे कारागीर झांकणाच्या आंत टोंच्यानें बारीक खुणा करून ठेवतात, हा धंद्याचा जुना रिवाज. अशा सात खुणा होत्या. सहा इंग्रजी आंकड्यांच्या. सातवी मोडींत: पौष, शके १८३२. म्हणजे १९११ च्या जानेवारीच्या सुमारास तें कोणा मोडी जाणणाऱ्या कारागिराच्या हातांत होतें, आणि पणजोबा १९१२ सालीं पेन्शनीवर गेले हें घरच्या कागदांत आहे. साहेबानें दिलें कीं पगारांतून सांठवून घेतलें, हें त्या खुणेवरून कळत नाहीं. त्यांच्याच खिशांत तें होतें, हें मानावयास मात्र हरकत नाहीं. पन्नासएक रुपये पगाराच्या माणसानें तें विकत घेतलें असेल तर मला तो बक्षिसापेक्षां मोठा मान वाटतो. तसें मीं बोलूनहि दाखविलें.

आजी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "सोनें नाहीं ना? मग तें वांटणींत येत नाहीं. आणा इकडे." लग्न होऊन आल्यापासून रोज तुळशीला पाणी घालून झाल्यावर चावी तिनेंच दिली होती. धाकट्यानें मुकाट्यानें घड्याळ तिच्या ओंजळींत ठेवलें. थोरला उठून चहाचें सांगावयास आंत गेला, आणि कित्येक दिवसांनीं चौघे भाऊ एका पंगतीस जेवले.

जेवणानंतर मीं यंत्राचा क्रमांक, डब्याचा क्रमांक व सातहि खुणा घरच्या वहींत उतरवून दिल्या. चावी रोज एकाच वेळीं द्यावी, कमान पुरी गुंडाळल्यावर जोर करूं नये, आणि वंगण वाळून कांटे अडखळूं लागण्याच्या आंत दर दोनतीन वर्षांनीं तें जाणत्याकडून साफ करून घ्यावें, एवढें आजीस सांगितलें. तिनें विचारलें, "आतां बरोबर किती वाजले?" तिचें घड्याळ सात मिनिटें पुढें होतें. तें तसेंच असूं द्या म्हणाली. भुसावळची गाडी त्यामुळें कधीं चुकली नाहीं.