पाण्याला औषध

ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडते, पादुकांना नदीत स्नान घडतं आणि सातारा जिल्ह्यातला पहिला मुक्काम पडतो लोणंदला. एरवी हे गाव कांद्याचं. बाजार समितीत माल उतरला की वाराही तिखट होतो. पालखीच्या दिवसांत मात्र कांदा, बुक्का, चुलींचा धूर, ओली माती या सगळ्यांवर आणखी एक वास चढतो. गटारांच्या कडेने ओढलेल्या पांढऱ्या भुकटीचा, टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा. नाकात किंचित झोंबणारा. मला तो आवडतो, निदान ओळखीचा वाटतो.

या भुकटीची कुळकथा कापडापासून सुरू होते. 1774 मध्ये स्वीडनच्या शील या रसायनज्ञाने क्लोरीन हा पिवळसर हिरवा वायू मिळवला, तेव्हाच त्याला दिसलं की फुलापानांचा रंग हा उडवतो. 1799 मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने तोच वायू विरवलेल्या चुन्यात मुरवून कोरडी पावडर केली आणि कापड पांढरं करण्यासाठी आठवडेच्या आठवडे उन्हात पसरायची गरज संपत गेली. जंतू मारण्याचं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या सेमेलवाइसने डॉक्टरांना बाळंतिणींना तपासण्याआधी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. कारण काय, तर शवविच्छेदनानंतर हाताला येणारा वास त्याने जातो! वासाचा माग काढत तो बरोबर ठिकाणी पोचला. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले.

वास मारणारं आणि जंतू मारणारं ते एकच. पावडर पाण्यात पडली की तयार होतं हायपोक्लोरस आम्ल. आम्ल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फेसाळणारी फरशी येते. हे मात्र अगदी दुबळं आम्ल. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून जंतूच्या भिंतीतून ते सहज आत शिरतं. पाणी अल्कधर्मी असलं की त्यातला हायड्रोजन सुटतो, उरलेल्या आयनावर ऋणभार येतो, आणि जंतूचा पृष्ठभागही ऋणभारितच असल्याने हा आयन बाहेरच अडखळतो. सामू साधारण साडेसातला असताना आम्ल आणि आयन निम्मे निम्मे असतात. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी बहुधा याच्या वरच. म्हणून घाई चालत नाही, अर्धा तास द्यावाच लागतो. गंमत म्हणजे आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जंतू गिळल्यावर हेच आम्ल बनवतात. आपण रक्तात टीसीएलचा छोटा कारखाना घेऊनच वारीला निघालेलो असतो म्हणायचं.

विहिरीसाठी नागपूरच्या नीरी या संस्थेने सांगितलेली युक्ती मला फार देखणी वाटते. मडक्यात मडकं. आतल्यात एक किलो पावडर, दोन किलो जाड वाळू, दोन्हींच्या अंगाला बोटभर भोक. हे जोडमडकं पाण्याखाली मीटरभर सोडायचं. दोन-तीन आठवडे ते गुपचूप झिरपत राहतं.

पालखीतळावर इतकी सवड नसते. टँकर येतो, बादलीत पावडर कालवतात, चुना तळाला बसू देतात आणि वरची निवळी टाकीत ओततात. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे, थेंब. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम तरी उरायला हवं, साथीचा धोका असेल तर 0.5. ‘माउली, औषध आत्ताच टाकलंय, जरा दम धरा,’ असं कुणी म्हणतं, आणि कळशी घेतलेली बाई विचारते, ‘मग चहा कधी व्हायचा?’ प्रश्न रास्त आहे. एवढ्या चालीनंतर अर्धा तास फार मोठा असतो.

मला खटकते ती गटाराकडेची रांगोळी. चिखल, शेण, उष्टं यांच्यावर पडलेला क्लोरीन त्यांच्याशीच झगडून संपतो, ऊन उरलंसुरलं खातं. जंतूंपेक्षा त्या पांढऱ्या रेघांनी पाहणी करायला येणाऱ्यांचं समाधान अधिक होतं. शिवाय ओल्या हवेत तोंड उघडं राहिलेलं पोतं दिवसागणिक कस गमावतं. ताज्या मालात तिसरा हिस्सा क्लोरीन, जुन्यात किती, ते तपासल्याशिवाय कळत नाही. आणि तीच पावडर कुणी संडासाच्या अ‍ॅसिडबरोबर वापरली तर शीलचा तो वायू थेट छातीत जातो.

माझ्या हाती असतं तर रस्त्यावर रिकामी होणारी पोती मी टँकरवाल्यांकडे वळवली असती, आणि ओटीची नळी प्रत्येक दिंडीच्या स्वयंपाक्याला दिली असती. पुढचा मुक्काम तरडगावला. तिथं पाणी नवं, म्हणजे निवळीही नवी करावी लागणार.