नानांचा किब्लानुमा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे कोकणकन्येने पहाटे मुंबईला उतरलो, तेव्हा धाकट्याच्या सदऱ्याच्या खिशात त्याच्या नानांचा किब्लानुमा होता. मुंबई पाहायची ती नानांच्या वाटेने, हा हट्ट त्याचाच. नाना म्हणजे आमचे मरहूम सासरे. 1983 साली चिपळूणहून निघून मुंबई बंदरातून ते जहाजाने हजला गेले होते. जहाजाची हजयात्रा 1995 पासून बंद झाली. आता हाजी काही तासांत जिद्द्याला उतरतात. नाना गेले तेव्हा धाकटा पाच वर्षांचा होता, पण बोटीवरच्या गोष्टी तो अशा सांगतो की जणू हाच त्यांचे सामान उचलायला सोबत गेला होता.

किब्लानुमा पितळेचा, मोठ्या बिस्किटाएवढा. कडेने आकडे. कोणत्या शहरासाठी कोणता आकडा धरायचा हे सांगणारी पुस्तिका त्याच्यासोबत मिळत असे. ती केव्हाच हरवली, म्हणून नानांनी आपल्या गावापुरता लाल रंगाचा ठिपका देऊन ठेवला होता. झाकणाची बिजागरी तुटलेली, त्यावर नानींनी बांधलेला हिरवा दोरा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचे पाणी घरात शिरले आणि नानांचे जायनमाज, हजचे कागद, फोटो सगळे चिखलात गेले. माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात होता म्हणून हा एवढा वाचला. नानींनी तो धाकट्याला दिला, तेव्हा त्याच्या अम्मीला बरे वाटले नव्हते. लहान मुलाच्या हाती अशी वस्तू द्यावी का? पण आईपुढे ती काय बोलणार!

स्टेशनबाहेर चहा घेऊन आम्ही चालतच निघालो. हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना क्रॉफर्ड मार्केटपासून जवळच, लोकमान्य टिळक मार्गावर आहे. बोटीची वाट पाहत नाना इथेच राहिले होते. धाकट्याने पायरीवर बसून किब्लानुमा उघडला, सुई स्थिरावू दिली आणि एका जाणाऱ्या गृहस्थांना किब्ला दाखवला. त्यांनीही मोठ्या अदबीने मान हलवली.

क्रॉफर्ड मार्केट, कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडई, 1869 सालची. दारावर दगडात कोरलेली शेतकरी माणसे आहेत. ती लॉकवूड किपलिंग यांच्या हातची. आमच्या मोठीने त्यांचे फोटो काढले आणि मग मायलेकी शेजारच्या मंगलदास मार्केटात कापड बघायला गेल्या. जोहरची वेळ होत आली होती. आम्ही बापलेक जामा मशिदीकडे वळलो.

ही मशीद 1802 साली पूर्ण झाली, आणि तिचे नवल म्हणजे ती तळ्यावर उभी आहे. बाजाराच्या गजबजाटातून आत पाऊल टाकावे आणि समोर हिरवट पाण्याचा हौज, त्यात मासे. पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या कमानींवर इमारतीचा भार. हे तळे मशिदीहून जुने, आणि त्याला खालून झऱ्यांचे पाणी. आमच्या कोकणी मुसलमानांचा या मशिदीशी पहिल्यापासून संबंध आहे, त्यामुळे आमच्यासारख्या चिपळूणकराला इथे जरा माहेरी आल्यासारखे होते. पायऱ्या उतरून लोक वुजू करत होते. धाकट्याने किब्लानुमा काढला, मशिदीच्या दिशेशी ताडून पाहिला आणि म्हणाला, “बरोबर आहे, अब्बा.” दोनशे वर्षांनी मशीद पास झाली. तेवढ्यात जमात उभी राहू लागली, आणि आम्ही त्याला घाई केली.

त्यानंतर मायलेकींना घेऊन मुहम्मद अली रोड. उड्डाणपुलाच्या सावलीत दुपारीही संध्याकाळ वाटते. मिनारा मशिदीजवळ अफलातून घेतले आणि नानींसाठी आणखी एक डबा. असर जवळ आली, तेव्हा धाकट्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

पुढचे दहा मिनिटे आम्ही काय काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. शाळेत चाळीस पोरांसमोर आवाज न चढवणारे आम्ही, भर रस्त्यात दहा वर्षांच्या मुलाला ‘बेफिकीर’ म्हणालो, ‘पुरातून वाचले ते तू घालवलेस’ म्हणालो. त्याची अम्मी काहीच बोलली नाही. वस्तू तिच्या वडिलांची होती. हळूच “इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन” म्हणून तिने त्याचा हात धरला आणि उलट दिशेने चालू लागली.

अफलातूनचे दुकान, पाणी प्यालो ती टपरी, टोप्यांची गाडी, सगळीकडे विचारत पुन्हा जामा मशिदीशी आलो. बापलेक आत गेलो. हौजाच्या पायऱ्या ओल्या आणि मोकळ्या. त्याच पायरीवर उभे राहिल्यावर मात्र आम्हाला आमचाच आवाज आठवला. “ठेव ते बाजूला, आधी वुजू कर, रकात जाईल!” त्याने आमचे ऐकून ठेवला होता. नमाज झाल्यावर हात धरून घाईने बाहेर काढले तेही आम्हीच. भर रस्त्यात एवढे ऐकून घेताना त्याने हे एकदाही बोलून दाखवले नव्हते.

तिथेच त्याला सांगितले, “बेटा, चूक आमची.” तो पाण्यात बघत होता. म्हणाला, “माशांना तर लागला नसेल ना?”

मग त्याला सुचले की भोंग्यावरून पुकारावे. मशिदीतल्या एका वयस्कर खिदमतगारांना त्याने विचारलेही. ते रागावले नाहीत, खाली बसून त्याला म्हणाले, “बेटा, मस्जिद में खोई चीज का एलान नहीं करते. बाहर दरवाजे पर पूछो.” खरेच आहे. हरवलेल्या वस्तूचा पुकारा मशिदीत करण्याची हदीसमध्ये मनाई आहे. मशिदी त्यासाठी बांधलेल्या नाहीत. आम्हाला हे ठाऊक होते, पण त्या वेळी आम्हीही भोंग्याकडेच बघत होतो.

दारापाशी अत्तर-तस्बीहचे एक छोटे दुकान. दुकानदाराने वस्तू काय हे ऐकले आणि लगेच ‘नाही मिळाली’ म्हटले नाही. त्याने वही काढली. “निशाणी सांग.” धाकट्याने सांगितले, लाल ठिपका, हिरवा दोरा. “दोऱ्याला गाठी किती?” आम्हाला माहीत नव्हते. त्याला होते. तीन. दुकानदाराने तेही लिहून आमचा फोन नंबर घेतला. सापडलेल्या वस्तूची थैली आणि तिची दोरी नीट ओळखून ठेवावी आणि वर्षभर तिचा पुकारा करावा, ही प्रेषितांची (स.) शिकवण. ‘लुक्ता’चा हा मसला आम्ही पुस्तकात कितीदा वाचला असेल. थैलीच्या दोरीला इतके महत्त्व का, ते त्या वहीपाशी कळले.

रात्री नानींना फोन केला. झाले ते सगळे, आमच्या घाईसकट, सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारले, “पोरगा जेवला का?” तो जेवला नव्हता.

आता मुहर्रम आला आहे. दुकानदाराचा फोन आलेला नाही. वर्षभर पुकारा करायचा असतो हे धाकट्याने असे मनावर घेतले आहे की ज्याला मिळाला असेल तो रोज त्या गल्लीत विचारत असणार, याची त्याला खात्री आहे. त्याच्या अम्मीने ती खात्री मोडलेली नाही, आम्हीही नाही. हिजरी कॅलेंडरवर त्याने जमादिउल अव्वलमधल्या तारखेला खूण करून ठेवली होती. परवा ती खोडलेली दिसली. विचारले तर म्हणाला, “अब्बा, आपण इंग्रजी वर्ष धरू या. 11 दिवस जास्त मिळतात.”