कबरीच्या पलीकडची शाळा

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरातले युएल्म हे एक लहान खेडे. तिथले सेंट मेरी चर्च मी छायाचित्रांतच पाहिले, तेही एका कबरीसाठी.

पंधराव्या शतकातल्या या चर्चमध्ये सफोकची डचेस अ‍ॅलिस निजली आहे. कवी चॉसरची ही नात १४७५ साली वारली. वर अलाबास्टर दगडाचा तिचा पुतळा आहे: डोक्यावर मुकुट, हात जोडलेले. खाली दगडी जाळीमागे पुन्हा तीच अ‍ॅलिस, पण प्रेत! कफन सरकलेले, हाडे वर आलेली. त्या प्रेताच्या डोळ्यांसमोर, वरच्या दगडाच्या खालच्या अंगाला, रंगीत चित्र काढले आहे. ते पाहायचे तर जिवंत माणसाला फरशीवर आडवे व्हावे लागते. कबरीवर आकृती असणे आम्हा मुसलमानांना रुचत नाही. पण ही खालची बाई, जनाज्याला खांदा दिलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल.

चर्चच्या पश्चिम दारातून पायऱ्या उतरल्या की तेरा गरीब पुरुषांसाठी बांधलेला आश्रम लागतो. त्यापलीकडे शाळा. अ‍ॅलिस आणि तिच्या नवऱ्याने १४३७ मध्ये आश्रमासाठी राजाचा परवाना मिळवला आणि तीन जहागिरींचे उत्पन्न लावून दिले. आपण ज्याला वक्फ म्हणतो, तेच हे. अट अशी की, एका पाद्र्याने मुलांना फुकट व्याकरण शिकवावे.

आमच्या मोहल्ल्यात दर्ग्याच्या गलेफासाठी वर्गणी एका संध्याकाळी जमते. शाळेच्या गळक्या छपराचे नाव काढले की लोकांना घरची कामे आठवतात.

युएल्मच्या त्या विटांच्या इमारतीत आजही प्राथमिक शाळा भरते.