देवभाताचे देणे

आत्याचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत. त्यातला मोठा उपकार देवभाताचा.

आमच्या सिंधुदुर्गातल्या गावी हा रानटी भात तळ्यात आपसूक उगवतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून आत्या आदल्या हंगामातले देवभात मडक्यात जपून ठेवायची. ते गोळा करणे मोठे जिकिरीचे. पिकला की दाणा लोंबीवर टिकत नाही, झुळूक आली तरी चिखलात गळतो. म्हणून दाणा भरत आला की आत्या गुडघाभर पाण्यात उतरून लोंब्या एकत्र बांधायची आणि पुढे त्या टोपलीत झटकायची. लांब कुसळे हाताला टोचायची. मी अधाशासारखी पुढे सरकले की म्हणायची, "सगळा ओरबाडू नको गो. तळ्याचा तळ्याक ऱ्हवांदे."

तिच्या बोलण्याचे मोल मला शेतकी शिकताना कळले. १९७० च्या दशकात तुडतुड्यांनी पसरवलेल्या 'ग्रासी स्टंट' विषाणूने आशियातल्या भाताचे मोठे नुकसान केले. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो नमुने तपासले. भरवशाची प्रतिकारशक्ती सापडली ती 'ओरायझा निवारा' या रानभाताच्या एकाच, उत्तर प्रदेशातून आणलेल्या नमुन्यात. ती याच संस्थेतल्या गुरदेव खुश यांच्या 'आयआर ३६' वाणात उतरली. १९७६ मध्ये आलेले हे वाण पुढे आशियातल्या लाखो हेक्टरांवर पिकले.

बियाणे शीतपेटीत टिकते, पण नव्या रोगाशी झुंजायला शिकते ते तळ्यातच. जगालाही हे हळूहळू उमगले. जैवविविधता राखण्यासाठी देशांनी मिळून ठरवलेल्या २०१० च्या आयची उद्दिष्टांचा भर पिके, पाळीव जनावरे आणि त्यांचे रानटी भाईबंद यांवर होता. त्यांच्या जागी आलेल्या डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखड्याने सगळ्याच रानटी जातींचे जनुकीय वैविध्य राखण्याचे उद्दिष्ट ठेवले. एखाद्या जातीच्या किती समूहांची प्रभावी प्रजननक्षम संख्या पाचशेच्या वर आहे, हे आता देशांनी मोजायचे आहे. म्हणजे जात तगली एवढ्यावर भागणार नाही. तिचे गावोगावचे समूहही तगले पाहिजेत. आत्या तळ्याच्या काठावर हेच सांगत होती.

आत्याचे ऋण फिटणारे नाही. पण आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. तुमच्या तळ्यात देवभात असेल तर त्या वहीत त्याची नोंद करून घ्या, आणि तळे बुजवण्याचा ठराव आला तर ग्रामसभेत उभे राहून विरोध करा.