वह्या सोडून समुद्रात

वयाच्या ३४व्या वर्षी मी मुंबईतली हिशेबनीसाची नोकरी सोडून तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकायला निघालो. अब्बांनी एवढेच विचारले, "बेटा, पाण्याखाली पगार कोण देतो?"

प्रश्न रास्तच होता. पावसाळ्यात मालवणचा समुद्र खवळतो आणि आमचे काम बंद पडते. आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचे घर चालवायचे, मुलांची फी भरायची. म्हणून पावसाळ्यात मी आजही दोन दुकानांच्या वह्या लिहितो. जुनी विद्या वाया जात नाही.

लोकांना वाटते, गाइड म्हणजे मासे दाखवणारा. मासे काय, आपणहून दिसतात! डाइव्हमास्टर व्हायला निदान ६० डाइव्ह नोंदवाव्या लागतात, आणि त्याआधी बुडत्याला वाचवण्याचे शिक्षण, कारण खरे काम माणूस सांभाळण्याचे. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तिथे कुणी घाबरून श्वास रोखला आणि तसाच वर धावला, तर छातीतली हवा फुगून फुप्फुस फाटू शकते. त्यामुळे माझे लक्ष माशांपेक्षा पाहुण्यांच्या डोळ्यांकडे असते. डोळे विस्फारले, बुडबुडे भराभर सुटू लागले, की हात धरायचा आणि थांबायचे. (पाण्याखाली अंगठा उंचावला तर अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला'. नवखे हमखास चुकतात.)

पगार जुन्या नोकरीपेक्षा कमीच आहे. बायकोने घरखर्च नव्याने बसवला, तक्रार न करता. अम्मी अजून किनाऱ्याकडे फिरकत नाही, पण रोज संध्याकाळी तिचा फोन येतो, "सगळे वर आले ना?"