दुखण्याचे नाव

मुलाचे नाव ठेवताना आपण पंचांग उघडतो, आत्याला बोलावतो. आजाराचे नाव मात्र 'वात आहे' एवढ्यावर भागवतो. या औदासीन्याची किंमत किती पडते, हे मला माझ्या धाकट्या बहिणीने शिकविले.

नगर रस्त्यावरील सणसवाडीस तिचा संसार आहे. सकाळी उठताना दोन्ही हातांची बोटे सुजलेली, ताठरलेली. तासभर लाटणे धरवत नसे. तीन वर्षांच्या तिच्या कागदांवर निदान एकच : सांधेदुखी. एका कागदावर तर आंतरराष्ट्रीय रोगसूचीतील 'एम २५.५' हा क्रमांकही होता. त्याचा अर्थही सांध्यातील वेदना, एवढाच! हे निदान नव्हे. रोग्याचे गाऱ्हाणे रोग्यालाच परत करणे होय. गाऱ्हाण्यावर वेदनाशामक गोळी मिळते. रोग आत आपले काम करीतच राहतो.

पुढे पुण्याच्या एका वैद्यांनी सांधा न् सांधा दाबून पाहिला, सुजलेले सांधे मोजले, रक्त तपासले आणि 'एम ०५' लिहिले. हा झिजेचा विकार नव्हता. शरीराची रक्षकशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटली होती. त्या शक्तीला आवर घालणारे औषध सुरू झाले व सूज ओसरली. दोन बोटे वाकली, ती मात्र वाकलीच.

आमवाताला इतर वातविकारांतून निराळा काढून माधवनिदानाने त्यास स्वतंत्र प्रकरण दिले, त्यास हजारांहून अधिक वर्षे झाली. निराळे नाव म्हणजे निराळा उपाय, हे तेव्हाही उमगले होते. आपल्याच जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांध्यांचे विकार तपासले. या दाहक संधिवाताचे रोगी हजारी सुमारे पाच आढळले. पाचही जणांच्या कागदावर 'सांधेदुखी' लिहिले असते, तर ते झिजेच्या गर्दीत हरवले असते. आणि जे मोजले जात नाही, त्याची तजवीजही कोणी करीत नाही.

याचा अर्थ घाईने मोठे नाव लिहावे, असा नव्हे. चुकीचे नाव माणसाला नको ते उग्र औषध घ्यावयास लावते. संशय असेल तर संशयच लिहावा. पण कोणते सांधे, किती दिवस, सकाळचा ताठरपणा किती वेळ, हे तरी लिहावे. पुढचा वैद्य रोग्याआधी कागद वाचतो. कागद मुका असला, तर रोग्याला पुन्हा पहिल्यापासून दुखावे लागते.