अमुक

माझ्या चिरंजिवांनी मला पन्नाशीनंतर खेळाला लावले, ही गोष्ट माझ्या सहकाऱ्यांना अजून खरी वाटत नाही. चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्यास असतात, मी माळशिरसला. आठवड्यातून दोन संध्याकाळी आम्ही बापलेक आपापल्या संगणकासमोर बसतो आणि एका नगरीत भेटतो. या नगरीला ना रंग, ना रूप. ती सारी शब्दांचीच बांधलेली. अनेकांनी मिळून खेळायचा असा खेळ इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने १९७८ साली रचायला घेतला, आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्याचे लघुनाम 'मड', म्हणजे इंग्रजीत चिखल! पण या चिखलात साहित्याच्या शिक्षकाचा पाय रुतावा यात नवल नाही. पडद्यावर 'नदीकाठ' या अर्थाचा शब्द उमटला की मला नीरा दिसते. 'जुने देऊळ' म्हटले की वेळापूरचा अर्धनारीनटेश्वर. चित्रांच्या खेळात ही मोकळीक कोठली?

या नगरीत जे करायचे ते लिहून करायचे. माझ्याकडे वैद्यकी आहे. चिरंजीव राक्षसांशी लढतात आणि मी मागे उभा राहून त्यांच्या जखमा भरून काढतो. पण 'अमक्यावर उपचाराचा मंत्र टाक' ही लांबलचक इंग्रजी आज्ञा लढाईच्या धामधुमीत लिहिणे माझ्या बोटांना जमेना. तेव्हा चिरंजिवांनी मला संक्षेप शिकवले. टिनटिन नावाच्या प्रोग्रामला एकदा सांगून ठेवायचे, की 'एच' या एका अक्षराचा अर्थ ती सबंध आज्ञा. आता राहिले रोग्याचे नाव. ते तर बदलणारे. म्हणून आज्ञेत नाव न लिहिता डॉलरचे चिन्ह आणि त्यापुढे 'साथी' एवढा शब्द ठेवायचा. आजचा साथी कोण, ते वेगळे सांगून ठेवायचे. माणूस बदलला तरी आज्ञा बदलावी लागत नाही. गणितात याला चल म्हणतात. भास्कराचार्यांच्या बीजगणितात असल्या राशी यावत्तावत्, कालक, नीलक अशा भारदस्त नावांनी वावरतात. आपण घरगुती बोलण्यात त्यांना 'अमुक' म्हणतो.

या अमुकाने मला भारी सुख दिले. एक अक्षर लिहावे आणि पुत्र बरा व्हावा! मग एके दिवशी चिरंजीव कामात होते, म्हणून मी कोणा परक्या खेळाडूबरोबर हिंडलो आणि साथीच्या जागी त्याचे नाव घातले. पुढच्या खेपेस चिरंजीव आले, लढाई जुंपली. मी 'एच' लिहिले, पुन्हा लिहिले, दहा वेळा लिहिले. ओळींमागून ओळी पडद्यावर धावत होत्या. 'तो येथे नाही' असे यंत्र मला दर वेळी बजावत होते; पण मी वाचतो कशाला? मी तर उपचार करीत होतो! चिरंजीव धारातीर्थी पडले. थोड्या वेळाने फोन आला. ते हसत म्हणाले, "बाबा, औषध भरपूर दिलंत हो तुम्ही. नाव तेवढं बदलायचं राहिलं."

मीही हसलो. पण फोन ठेवल्यावर हसू टिकले नाही. हेच वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते.

बरीच वर्षे झाली. शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्रे मागायला विद्यार्थी येत. माझ्याजवळ एक उत्तम मसुदा तयार असे: 'सदर विद्यार्थी कष्टाळू, सुशील आणि होतकरू आहे.' नाव बदलायचे आणि सही ठोकायची. एका शेतमजुराच्या मुलाला असेच पत्र दिले. महिन्याभराने तो दाराशी येऊन उभा राहिला. खाली पाहून म्हणाला, "सर, पत्रात वर माझं नाव होतं. खाली दुसऱ्याच कुणाचं राहिलं होतं." त्याला शिष्यवृत्ती मिळाली नाही. पत्रामुळेच मिळाली नाही, असे म्हणवत नाही. पत्राचा काही संबंध नव्हता, असेही म्हणवत नाही. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. तो नमस्कार करून गेला.

तरुणपणी वडिलांच्या श्राद्धाला बसलो की मला गुरुजींचा मनातून राग येई. आमच्या घरची माणसे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, तरीही दर वर्षी मंत्र मध्येच थांबवून ते विचारीत, "वडिलांचं नाव सांगा. आजोबांचं? पणजोबांचं?" इंग्रजी शिकलेल्या माझ्या बुद्धीला तो कचेरीतला छापील नमुना वाटे. नावे माहीत आहेत, तर घालून मोकळे व्हावे! एका वर्षी पणजोबांच्या नावापाशी मी अडखळलो. गुरुजी पळी हातात धरून स्वस्थ बसून राहिले. नाव आठवले तेव्हाच पाणी सोडू दिले. आज वाटते, ते थांबणे हाच त्या विधीचा प्राण होता. मंत्र सर्वांसाठी एकच. माझा बाप तेवढा त्या रिकाम्या जागेत होता, आणि ती जागा मी स्वतः तोंडाने भरायची होती.

संक्षेपाला मी नावे ठेवीत नाही. तो नसता तर माझी वैद्यकी पहिल्याच दिवशी बुडाली असती. शिवाय टिनटिनमध्ये आणखी एक सोय आहे, ती मला त्या पराभवानंतर समजली. साठवलेल्या नावाऐवजी आज्ञेत टक्क्याचे चिन्ह आणि एकचा आकडा घालून ठेवायचा. म्हणजे 'एच'च्या पुढे जे नाव आपण त्या वेळी लिहू, तेच तेथे जाऊन बसते. मागचे काही शिल्लक राहत नाही. मी माझा संक्षेप तसा बदलून घेतला.

चिरंजिवांच्या लक्षात आलेच. "बाबा, आता उशीर होतो तुम्हाला," ते म्हणाले.

होतो खरा. दर वेळी त्याचे नाव लिहावे लागते.